दाढ दुखली, पॉलिसी गप्प!

गेल्या हिवाळ्यात, सेमिस्टर परीक्षेच्या बरोबर चार दिवस आधी, माझी खालची डावी अक्कलदाढ सुजली. गाल असा टम्म फुगला की मैत्रिणींनी आधी फोटो काढले आणि मग विचारपूस केली. तोंड उघडेना, पोहेसुद्धा गिळवेनात. घराजवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला तर दाढ चक्क आडवी झोपलेली. हिरडी कापून, थोडं हाड घासून काढावी लागेल, खर्च साडेसहा हजार, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी एकदम बिनधास्त. आमच्या चौघांची पाच लाखांची फॅमिली पॉलिसी आहे, बाबा दरवर्षी न चुकता हप्ता भरतात, कार्ड माझ्या पर्समध्ये. ‘बिल नीट पक्कं द्या, क्लेम करायचा आहे,’ असं रिसेप्शनवर मी जरा ऐटीतच सांगितलं.

पंधरा दिवसांनी बाबांच्या मोबाइलवर मेसेज आला. क्लेम नामंजूर. कारण, बाह्यरुग्ण दंतोपचार पॉलिसीत समाविष्ट नाहीत.

बाबा चिडले नाहीत. ‘अक्कलदाढच होती ना, आली अक्कल,’ एवढंच म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा मी आमची पॉलिसी कपाटातून काढून वाचली. बारीक अक्षरांची ती जाडजूड पुस्तिका वाचताना एवढे प्रश्न पडले की मग कॉलेजात, कट्ट्यावर, होस्टेलवर ज्याला त्याला विचारत सुटले, ‘तुझ्याकडे हेल्थ इन्शुरन्स आहे का?’ उत्तरं ठरलेली होती. ‘बाबांचा आहे बहुतेक.’ ‘बँकेतून कटते ना काहीतरी.’ ‘आपल्याला काय गरज बे, आपण म्हातारे आहोत का?’ हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे, म्हणजे तुमच्यासाठीच.

दात शरीरात येत नाहीत?

येतात. पण आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विम्याचा पायाच ‘रुग्णालयात दाखल होणे’ हा आहे. किमान २४ तास भरती असाल तर खर्च मिळतो. डायलिसिस, मोतीबिंदू, केमोथेरपी असे जे उपचार पूर्वी दोन-तीन दिवस भरती करून व्हायचे आणि आता तंत्रज्ञानामुळे काही तासांत होतात, त्यांना ‘डे-केअर’ म्हणून सूट आहे. दवाखान्यात गेलो, तपासलं, औषध घेतलं, घरी आलो, ही झाली ओपीडी, आणि साध्या पॉलिसीत ती नसते. दातांची जवळजवळ सगळी कामं डेंटिस्टच्या त्या आडव्या खुर्चीतच उरकतात. माझी दाढ कापून काढली, टाके घातले, मी रडले, हे सगळं खरं; पण विमा कंपनीच्या भाषेत ती ओपीडी.

म्हणून दात साफ करणं, सिमेंट भरणं, रूट कॅनॉल, कॅप, ब्रेसेस, अलाइनर, पांढरे करून घेणं, कवळी, इम्प्लांट, यातलं काहीही साधारणपणे मिळत नाही. मग मिळतं काय? वर्धा रोडवर गाडी घसरली, जबडा फ्रॅक्चर झाला, भरती करून प्लेट टाकावी लागली, तर ते मिळतं. सगळ्या कंपन्या एकाच साच्यात विकतात ती ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून बाजारात आहे. तिच्यात आजार किंवा इजेमुळे गरजेचे झालेले दंतोपचार धरले आहेत, पण तेही भरती झालात तर. अपघातात पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवायचा असेल तर कंपनीला आधी लेखी विचारा, तिथेच सगळ्यात जास्त वाद होतात. आणि एक अवांतर पण कामाचं सांगून टाकते. पक्का दात मुळासकट निखळून पडला तर घासूनपुसून साफ करू नका. दुधात टाका आणि तासाभराच्या आत डेंटिस्टकडे पोहोचा. तोच दात पुन्हा बसण्याची शक्यता असते, आणि त्याला कुठलीच पॉलिसी लागत नाही.

कंपन्या दातांना एवढ्या का घाबरतात, तेही समजून घेऊ. विमा चालतो तो अनिश्चिततेवर. हजार जण पैसे भरतात, त्यातल्या थोड्यांवर संकट येतं आणि ते कोणावर येईल हे कोणालाच माहीत नसतं. दातांचं तसं नाही. किडलेला दात ज्याचा त्याला महिनोन् महिने माहीत असतो. खर्च छोटा, पण जवळजवळ प्रत्येकाला येणारा, आणि पुढे ढकलता येण्याजोगा. म्हणजे आज पॉलिसी घ्यायची, पुढच्या महिन्यात चार दाढा दुरुस्त करायच्या आणि पॉलिसी सोडून द्यायची, असं कोणीही करू शकतं. अमेरिकेत दातांचा विमा वेगळा विकत घ्यावा लागतो आणि त्यातही वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतच खर्च मिळतो, ते याच हिशेबानं. आपल्याकडेही काही पॉलिसींवर जादा पैसे भरून ओपीडीचं कलम जोडता येतं, त्यात कधीकधी दात असतात. पण घेण्याआधी वर्षाची मर्यादा आणि जादा हप्ता शेजारी शेजारी लिहून बघा. दोन्ही आकडे फार जवळ असतील तर तुम्ही स्वतःलाच स्वतःचे पैसे परत देताय.

हे लॉजिक मला कळतं. पटतं असं मात्र नाही. दाढेतला पू वेळेवर काढला नाही तर तो जबड्याखाली, गळ्यापर्यंत उतरू शकतो. मग श्वास अडकतो, आयसीयू लागतं, आणि त्या वेळी हीच पॉलिसी लाखभराचं बिल गुपचूप भरते. पाच हजारांचं दुखणं आपलं आणि लाखाचं कंपनीचं, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे छोट्या दुखण्याची सोय आपली आपणच लावायची असते. सुदैवानं नागपुरात ती आहे.

दाढ घेऊन जायचं कुठे?

मेडिकल चौकात उतरा. मेडिकलच्या परिसरातच शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, १९६८ पासून. मेडिकल आणि मेयो नागपुरात शेंबड्या पोरालाही माहीत. दंत महाविद्यालय मात्र शेजारून रोज गाडीनं जाणाऱ्यांनाही माहीत नसतं. केसपेपर काढा, तपासणी होते, मग ज्याचं काम त्या विभागात पाठवतात. दात काढणं वेगळीकडे, रूट कॅनॉल वेगळीकडे, हिरड्या वेगळीकडे, ब्रेसेस वेगळीकडे. खर्च खासगी दवाखान्याच्या तुलनेत फारच कमी. उपचार करणारे आपल्याच वयाचे असतात, इंटर्न किंवा पदव्युत्तर विद्यार्थी, आणि मागे शिक्षक उभे असतात. ‘शिकाऊ पोरांकडून दात?’ असं म्हणून नाक मुरडू नका. वेळ मात्र लागतो. जे काम बाहेर एका बैठकीत होतं त्याला इथे तीन-चार चकरा होऊ शकतात. लेक्चर बुडवायचं कारण शोधत असाल तर यापेक्षा प्रामाणिक कारण मिळणार नाही. सकाळी लवकर जा, आधार कार्ड न्या, मोबाइल चार्ज करून न्या.

हिंगण्याकडच्या मुलांना तिकडची दोन खासगी दंत महाविद्यालयं जवळ पडतील, वर्ध्याकडच्यांना सावंगी मेघेचं. शिकवणारी रुग्णालयं असल्यामुळे तिथेही दर सहसा बाजारापेक्षा कमी असतात.

तुम्ही नेमके कोणाच्या कार्डावर?

हा प्रश्न आज रात्री जेवताना घरी विचारा. उत्तर चार प्रकारचं असू शकतं.

बाबांनी किंवा आईनं फॅमिली पॉलिसी घेतली असेल तर बहुतेक ठिकाणी मुलगा-मुलगी २५ वर्षांची होईपर्यंत त्यात राहतात, तेही लग्न झालेलं नसेल आणि स्वतः कमवत नसाल तर. पंचविसावा वाढदिवस झाला की पुढच्या नूतनीकरणाला तुमचं नाव गळू शकतं, आणि ते ढोल वाजवून सांगत नाहीत. नाव गळण्याआधी त्याच कंपनीकडे ‘मायग्रेशन’ मागा. म्हणजे तुमची वेगळी पॉलिसी होते, पण आतापर्यंत काढलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. हा शब्द लक्षात ठेवा, कारण नवीन पॉलिसीत सगळं शून्यापासून सुरू होतं. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही नाही. हर्निया, टॉन्सिल अशा ठरावीक शस्त्रक्रियांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं. आणि पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. ही मर्यादा पूर्वी चार वर्षं होती, विमा नियामक प्राधिकरणानं म्हणजे ‘इर्डा’नं एप्रिल २०२४ पासून ती तीनवर आणली.

बाबा बुटीबोरीत, हिंगणा एमआयडीसीत किंवा कळमेश्वरला कामाला असतील आणि पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत असेल, तर घरात ईएसआयचं कार्ड असण्याची बरीच शक्यता आहे. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. मला विचाराल तर हा विमा आपल्याकडे उगाचच दुर्लक्षित आहे. त्यात ओपीडीसुद्धा येते, म्हणजे भरती व्हायची वाट बघावी लागत नाही, आणि जुना आजार म्हणून तीन वर्षं थांबवत नाहीत. दातांच्या साध्या उपचारांचंही तिथे विचारून बघा. अट एकच नीट बघा: शिकणाऱ्या मुलाला ही सोय २१ वर्षांपर्यंत आहे, अविवाहित आणि आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलीला मात्र त्यानंतरही. थर्ड इयरचा मुलगा आणि त्याची मोठी बहीण, घर एक, कार्ड एक, पण एकाचं संपलेलं आणि एकीचं चालू, असं होऊ शकतं.

आई किंवा बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर सीजीएचएस. नागपूर त्यांच्या शहरांपैकी एक आहे. तिथे मुलाला २५ वर्षांपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत, मुलीला कमावती होईपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत. आणि तिथे दातांच्या उपचारांचेही दर ठरलेले आहेत, रूट कॅनॉलसकट. तुमच्या वर्गातलं कोणी ‘मला तर फुकट झालं’ म्हणत असेल तर ते बहुतेक इथलं.

यातलं काहीच नसेल तरी रेशनकार्ड असेलच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं, आणि त्या आठांत आपल्या विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. आता पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही कार्ड चालतं आणि २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरहून इथे होस्टेलला आलेल्यांनो, ही योजना तुमच्या गावापुरती नाही, राज्यातल्या कोणत्याही संलग्न रुग्णालयात चालते. फक्त कार्डावर तुमचं नाव पाहिजे. कॉलेजसाठी गाव सोडताना पुष्कळांची नावं कमी केलेली असतात किंवा चढवलेलीच नसतात, आणि ते कळतं रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीच्या दारात. रेशनकार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ लिहिलेला डेस्क शोधा, तिथला माणूस कागदपत्रं करून देतो. चौकशीचा टोल फ्री क्रमांक १५५३८८. दातांच्या बाबतीत इथेही तेच आहे. जबड्याचं फ्रॅक्चर, तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यात येतं. रूट कॅनॉल आणि ब्रेसेस नाहीत.

‘बँकेतून कटते ना काहीतरी’

दरवर्षी खात्यातून २० रुपये जातात ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर एक लाख. छान आहे, बंद करू नका. पण तो आरोग्य विमा नव्हे. डेंग्यू झाला आणि धंतोलीतल्या एखाद्या रुग्णालयात पाच दिवस भरती राहिलात, तर त्यातून एक रुपया मिळणार नाही.

आता धंतोली-रामदासपेठेचा विषय निघालाच आहे तर खोलीच्या भाड्याचं सांगते, कारण यात भलेभले फसतात. आरोग्य संजीवनीत खोलीभाडं दिवसाला विमा रकमेच्या दोन टक्के आणि जास्तीत जास्त पाच हजार रुपये. समजा तुम्ही दहा हजारांची खोली घेतली. तुम्हाला वाटेल वरचे पाच हजार आपण भरू, विषय संपला. तसं नसतं. खोली दुप्पट महाग म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं असा खोलीला जोडलेला खर्चही निम्माच मंजूर होऊ शकतो. एसी आणि टीव्हीच्या नादात पन्नास-साठ हजार खिशातून जातात. म्हणून भरती होताना पहिला प्रश्न हाच विचारा, ‘माझ्या पॉलिसीत कोणती खोली बसते?’

कॅशलेसचा नियम आता बरा झालाय. २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीनं कॅशलेसची विनंती आल्यापासून तासाभरात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. रुग्णालय कंपनीच्या यादीत नसलं तरी कॅशलेस मागता येतं, पण ठरवून केलेल्या ऑपरेशनला ४८ तास आधी कळवावं लागतं आणि रुग्णालयाची तयारी लागते.

नवी पॉलिसी घ्यायचा विचार असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. दहा हजारांच्या हप्त्याला आधी अकरा हजार आठशे लागायचे. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत पटली नाही तर परतही करता येते. पहिली नोकरी लागल्यावर कंपनीची ग्रुप पॉलिसी मिळते. ती चांगली असते, काही ठिकाणी तर दातांचंही थोडंफार मिळतं, पण राजीनाम्याबरोबर ती जाते. दोन नोकऱ्यांमधल्या महिन्यात टायफॉइड होणार नाही असं कोणी लिहून दिलेलं नाही.

बाहेर शिकायला जाणाऱ्यांसाठी एकच वाक्य: अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या आरोग्य विम्यात दात बहुधा नसतात, म्हणून व्हिसा झाला की बॅग भरायच्या आधी दाढा दाखवून घ्या. जर्मनीत सरकारी विम्यात साधे दंतोपचार येतात, तिकडे जाणारे नशीबवान.

क्लेम नाकारला तर

आधी कंपनीला लेखी विचारा, कोणत्या कलमाखाली? कलम न सांगता नुसतं ‘नामंजूर’ म्हणता येत नाही. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. नागपूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, पण तक्रार ऑनलाइन करता येते. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. कंपनीनं शेवटचं ‘नाही’ म्हटल्यापासून वर्षभराच्या आत जावं लागतं. माझ्या दाढेसाठी मी गेले नाही. कलम सतराव्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं. चूक न वाचणाऱ्यांची, म्हणजे आमची होती.

फॉर्ममधला तो एक रकाना

पॉलिसी वाचताना तिच्या मागे जोडलेला प्रस्ताव अर्ज हाती लागला. त्यात घरातल्या प्रत्येकासमोर एक प्रश्न होता. तंबाखू, सिगारेट, दारू? आमच्या चौघांपुढे एजंट काकांच्या अक्षरात ‘नाही, नाही, नाही, नाही.’ आमच्याकडे ते खरं आहे. पण हे वाचल्यावर मला आमच्या ग्रुपमधला एक जण आठवला.

खर्रा म्हणजे काय हे नागपूरकरांना सांगायची गरज नाही. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोट घोट घोटायचं. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि कॉलेजच्या गेटापासून चालत पाच मिनिटांवर पन्नी मिळते. हा मित्र बारावीपासून खातो. दिवसाला दोन. ‘मला काई होत नाई बे, थोडासाच खातो,’ हे त्याचं कायमचं उत्तर.

माझ्या दाढेच्या वेळी तोंड किती उघडतं ते बघताना डॉक्टरांनी मला एक साधी गोष्ट दाखवली होती. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायची. साधारणपणे तिन्ही जातात. क्लेमचं रामायण कॅन्टीनमध्ये सांगताना मी सगळ्यांना ते करायला लावलं. हसत-खिदळत सगळ्यांची गेली. त्याची दोन गेली, तिसरं अडलं. तो म्हणाला, ‘माझी बोटं जाडी आहेत.’ मग थोड्या वेळानं हळूच म्हणाला की दोन महिन्यांपासून सावजीचा रस्सा तोंडात धरवत नाही, नुसती आग होते. जो पोरगा पैजेवर तर्री प्यायचा, तो!

तोंडाची आग होणं आणि तोंड कमी उघडणं ही ‘सबम्युकस फायब्रोसिस’ची लक्षणं असतात. गालाच्या आतली कातडी हळूहळू दोरीसारखी ताठ होत जाते. त्याचं मुख्य कारण सुपारी. ‘मी तंबाखू नाही, फक्त गोड सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांनीही वाचून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच सुपारीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. ताठ झालेली कातडी पूर्ववत मऊ होत नाही, पण खाणं थांबवलं तर वाढ रोखता येते. काहींमध्ये पुढे त्याच जागी कर्करोग होतो.

आता विम्याचं बघा. त्याच्याही घरी फॅमिली पॉलिसी आहे, तीन वर्षांपूर्वी काढलेली. फॉर्म बाबांनी भरला, तंबाखूपुढे ‘नाही’ लिहिलं, आणि बाबांना ते खरंच वाटत होतं. उद्या तोंडाचं काही मोठं निघालं तर उपचार पॉलिसीत येतात, कर्करोगाची शस्त्रक्रिया काही ओपीडी नव्हे. पण कंपनी जुने कागद मागते. डॉक्टरांच्या पहिल्याच नोंदीत लिहिलेलं असतं, ‘खर्रा, चार वर्षांपासून.’ आणि अर्जात ‘नाही’. माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारायला एवढं पुरतं. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली तर त्यानंतर कंपनी फसवणूक सिद्ध केल्याशिवाय असा आक्षेप घेऊ शकत नाही, पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती. त्याची तीनच झाली होती. फुले योजनेत हा रकाना नाही, व्यसन बघून तिथे कोणाला परत पाठवत नाहीत. पण बाबांनी तीन वर्षं भरलेले हप्ते मुलाच्या पन्नीमुळे वाया जाणं, हे त्यालाही झोंबलं.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. कंपनीला आत्ताच लेखी कळवायचं. हप्ता वाढू शकतो, एखादी अट येऊ शकते. पण पुढे क्लेमच्या वेळी कोणी तो कागद काढून तोंडावर मारू शकत नाही. कठीण भाग एवढाच की कंपनीला कळवायचं म्हणजे आधी बाबांना सांगावं लागतं. अर्ज बाबांच्या सहीचा आहे.

परीक्षा संपल्यावर आम्ही दोघं दंत महाविद्यालयात गेलो. केसपेपर काढला, रांगेत बसलो. मोजपट्टीनं त्याचं तोंड मोजलं, ३३ मिलिमीटर. डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत. खाणं आजपासून बंद, तोंडाचे व्यायाम रोज, पंधरा दिवसांनी पुन्हा या, असं कागदावर लिहून दिलं. कर्करोगासारखं सध्या काही दिसत नाही, पण दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं, असंही सांगितलं.

बाहेर मेडिकल चौकात चहा घेताना त्यानं मला विचारलं, ‘बाबांना आधी काय सांगू, खर्ऱ्याचं की पॉलिसीचं?’ मी म्हटलं, पॉलिसीपासून सुरुवात कर, खर्रा आपोआप येईल. त्यांच्या नूतनीकरणाची तारीख मार्चमध्ये होती, म्हणजे हातात दोन महिने होते. त्यानं त्याच रात्री सांगितलं. बाबांनी आधी काय केलं ते इथे छापण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी एजंटला फोन लावला.